मेथीले दोनदा पाणी

वलगावच्या फाट्यावर मला सोडायला सगळे आले होते. बा आला, दादा आला, शेजारच्या दोघी काकू आल्या, माझ्याबरोबर भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या सहा-सात पोरी आल्या. माय आली नाही. तिनं घराच्या दारातच माझ्या हातात गाठोडं दिलं. त्यात ज्वारीचं पीठ, तिखट आणि मुंगवड्या होत्या. "तोंडाले आवर, हाताले नको आवरू," एवढं म्हणाली, मेथीले पाणी द्याचं आहे म्हणाली, आणि मागच्या दारानं वावराकडे निघून गेली.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. नवऱ्याला अकोल्यात दालमिलवर काम लागलं होतं. मी भुलाबाईच्या सणासाठी माहेरी आले होते म्हणून तो मला तिथूनच न्यायला आला. कोजागिरी चार-पाच दिवसांवर होती. तेवढी होऊ द्या, असं मी म्हणून पाहिलं, पण मिलचा मालक थांबणारा नव्हता. बस यायला अर्धा तास लागला. आमचं वावर फाट्यापासून काही लांब नाही. त्या अर्ध्या तासात माय तीनदा येऊन गेली असती. बस आली, मी चढले, खिडकीशी बसले आणि मागं वळून पाहिलं नाही. वय एकोणीस होतं, आणि रागाच्या बाबतीत मी तेव्हाही आजच्याइतकीच पक्की होते.

दिवाळीला परत गेले तेव्हा दादा कुरकुरत होता. विहिरीजवळचा मेथीचा एक वाफा पूर्ण सडला होता. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते. मेथीला जास्त झालं की मुळं कुजतात, हे आमच्या घरात चालायला लागलेल्या लेकरालाही माहीत. दादा विचारत होता की पाणी कोणी दिलं, कसं दिलं. माय भाकरी थापत राहिली. मी तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

हे मी वलगावात राहिलेल्यांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या उठून दुसरीकडे गेलेल्यांसाठीही. राहिलेल्यांना वाटतं की गेलेल्या विसरल्या. गेलेल्यांना वाटतं की राहिलेल्यांनी आपल्याला सुखानं जाऊ दिलं. मला तीस वर्षं यातलं दुसरं वाटत होतं.

अकोल्यात पहिली दोन वर्षं जुन्या शहरात एका खोलीत काढली. नवऱ्याच्या मिलमधून डाळीचा भुसा अंगावर घरी यायचा, तेवढीच त्या मिलची आमच्या घरात बरकत. मग मी टोपलं घेऊन भाजीबाजारात बसले. मेथीच आणायची, कारण मेथीतलं मला कळतं. जुडी हातात घेतली की सकाळची की कालची ते सांगते. बाजारात नव्या बाईला जागा कोणी देत नाही. मी भांडून घेतली. हर्रासीत अडत्यानं माझी बोली ऐकून न ऐकल्यासारखी केली, तेव्हा मी गोणीवर चढून उभी राहिले आणि त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. दुसऱ्या दिवसापासून त्याला माझा आवाज पहिला ऐकू यायला लागला. मायनं सांगितलेल्यातलं अर्धंच मी पाळलं. हात आवरला नाही, तोंडही आवरलं नाही. आज माझा स्वतःचा गाळा आहे. तीन मेस आणि दोन हॉटेलं माझ्याकडून माल नेतात. घासाघीस करायला येणारा माणूस माझ्या गाळ्यासमोर आधी खाकरतो.

माय अकोल्याला दोनदाच आली. पहिल्यांदा आली तेव्हा मी दारातच विचारलं, "आलीस? मेथीले पाणी देऊन आलीस?" टोमणा होता. तिलाही कळला. "हाव, देल्लं," म्हणाली, आणि चप्पल काढून सरळ माझी मेथी निवडायला बसली. त्यापुढे तो विषय मी काढला नाही. बाजारात भल्याभल्यांना बोलतं करणारी मी, पण मायला एवढं साधं विचारलं नाही की फाट्यावर काहून नाही आली. विचारणं म्हणजे मला त्याचं वाईट वाटलं हे कबूल करणं. चार वर्षांपूर्वी माय गेली आणि विचारायचंच राहिलं.

आता गाण्याचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

भुलाबाई आमच्या वऱ्हाडातली. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर बाया-पोरी रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमतात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे टिपऱ्या धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची झाकून ठेवलेली खिरापत सगळ्यांनी ओळखायची असते. गाणी जुनीच असतात. चौदाव्या वर्षी मला त्यांचा कंटाळा आला. मेथीत मायच्या शेजारी निंदायला बसले होते. हात चिखलात, वही नाही, पेन नाही. तिथं मी बसल्या बसल्या एक गाणं जुळवलं:

भुलाबाई गेली बाजाराले, बाई बाजाराले,
वांग्यापाशी थांबली, बाई थांबली,
वांगं म्हणे, घरी ने व, बाई घरी ने व,
भुलाबाई म्हणे, भाव उतरू दे, मंग येजो घरी.

पुढच्या कडव्यात भोपळा येतो, मग मिरची येते आणि रागावून दुसरीच्या थैलीत जाऊन बसते, आणि चौथ्यात सांभार फुकटात मागं लागतो. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. माय सहसा हसायची नाही. त्या दिवशी मिरचीला हसली आणि विळा खाली ठेवून हसली. मायच्या त्या हसण्यासाठी मी पुढच्या वर्षी आणखी एक गाणं जुळवलं.

तेव्हापासून दरवर्षी एक नवं गाणं लिहिते. अकोल्यात आले तरी सोडलं नाही. दुपारी दोन ते चार बाजार झोपतो. तेव्हा हॉटेलांच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहीत बसते. कोणी डोकावलं तर ऑर्डर लिहून राहिली म्हणते. आमच्या कॉलनीतल्या बाया ते गाणं महिनाभर म्हणतात, कोजागिरी झाली की चिठ्ठी कुठंतरी जाते. मी शोधत नाही. दिवसभर मी समोरच्या माणसाला हरवायला बसलेली असते. लिहिताना समोर कोणी नसतं. यमक जुळत नाही तेव्हा माझा राग माझ्यावरच निघतो आणि जुळलं की मी एकटीच गाळ्यात हसते. शेजारचा कांदेवाला म्हणतो, काकूचं डोकं दुपारी सरकते. सरकू दे. त्यात मला कोणाचं बक्षीस नको आणि छापूनही यायला नको, हे मी शपथेवर सांगते.

तरी दोन वर्षांपूर्वी माझं डोकं खरंच सरकलं. कॉलनीतल्या एकीनं अमरावतीच्या पुस्तक प्रदर्शनातून भुलाबाईच्या गाण्यांचं एक पुस्तक आणलं. पातळ, चांगल्या कागदाचं. चाळता चाळता माझं वांगं दिसलं. भोपळा, मिरची, सांभार, सगळं जसंच्या तसं, आणि शीर्षकाखाली एकच शब्द: पारंपरिक.

पारंपरिक म्हणजे काय? ज्यानं केलं तो मेला, कोण होता ते कोणाला माहीत नाही. मी तर जिवंत आहे, बाजारात बसलेली आहे, माझा आवाज स्टेशनपर्यंत जातो. मला नाव नको होतं हे खरं. पण मला नको असणं वेगळं, आणि दुसऱ्यानं परस्पर ठरवणं की या मालाला धनीच नाही, हे वेगळं. त्याहून संताप आला तो पुढच्या पानावर. माझी कडवी चार. पुस्तकात पाचवं होतं:

भुलाबाई गेली सासराले, बाई सासराले,
माय बसली वाफ्यापाशी, बाई वाफ्यापाशी,
एक पाणी, दोन पाणी, मेथी म्हणे, पुरे आता,
माय म्हणे, पेऊन घे व, ध्यान नाही मले आता.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि पुस्तक आपटलं. मेथीला एका दिवशी दोनदा पाणी? जन्मात जिनं मेथी पेरली नाही अशा कोणा शहरी बाईनं हे माझ्या गाण्याला चिकटवलं, याबद्दल मला शंका उरली नाही.

दुसऱ्याच दिवशी मूर्तिजापूरमार्गे अमरावतीची बस धरली. पुस्तक करणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणते. वाटेत मी सौदा ठरवून टाकला. मागायचं असं, की सगळी पुस्तकं परत गोळा करा. उतरायचं इथपर्यंत, की पुढच्या छपाईत गाण्याखाली माझं नाव आणि ते खोटं पाचवं कडवं बाहेर. दारात उभी राहूनच मी बोलायला सुरुवात केली. मॅडमनी पूर्ण ऐकलं, मग म्हणाल्या, "ताई, आता बसा. चहात साखर किती?" माझा अर्धा जोर तिथंच गेला. चहा देणाऱ्याशी भांडायला दुप्पट ताकद लागते.

त्यांनी विचारलं, गाणं माझं असल्याचं काही लिहिलेलं आहे का. नव्हतं. चौदाव्या वर्षी हाताला चिखल होता, हे मी सांगितलं. मग मेथीच्या पाण्यावरून त्यांना चांगलं सुनावलं. त्या रागावल्या नाहीत. आतून एक जाड वही घेऊन आल्या. कोणतं गाणं कोणत्या गावात कोणाकडून ऐकलं ते त्यात लिहिलेलं होतं. माझ्या गाण्यापुढे वलगाव होतं, आणि त्यापुढे माझ्या दादाच्या बायकोचं, म्हणजे आमच्या लतावहिनीचं नाव. पाचही कडवी तिनं म्हटलेली. "मी त्यात एक अक्षरही घातलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गावातल्या दोन बायांनी सांगितलं की हे तुमचं आहे, तर पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालते."

म्हणजे चोर घरातच होता. मी तिथूनच वलगावचा ऑटो धरला.

वहिनी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं की गाणं माझं आहे हे तिला माहीत नव्हतं काय. तिनं पानं न सोडता उत्तर दिलं. चार कडवी ताईची, हे तिला या घरात आली त्या वर्षापासून माहीत होतं.

"मंग मॅडमले सांगतलं काहून नाही?"

"त्यायनं इचारलं, गानं कोनाचं. मी म्हटलं, आमच्या घरचं. काय खोटं सांगतलं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग दुसऱ्या बाजूनं गेले. पाचवं कडवं कोणी घुसवलं, आणि मेथीचं एवढं अज्ञान आपल्या घरात कोणाचं आहे, असं विचारलं. वहिनीनं जुडी खाली ठेवली.

"आत्याबाईचं हाय ते." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी माय.

मग तिनं सांगितलं. ती नवी नवरी होती, पहिलीच भुलाबाई होती. माय मेथी उपटता उपटता ते कडवं म्हणत होती. तेव्हा त्यात सासर नव्हतं. भुलाबाई गेली अकोल्याले, असं होतं. पुढे गावातल्या पोरींनी आपल्या सोयीनं सासराले केलं आणि वहिनीनं मॅडमना तेच सांगितलं, आजकाल म्हणतात तसं. वहिनीनं तेव्हा सासूला विचारलं होतं की मेथीले दोनदा पाणी कोण देते. मायनं सांगितलं, मी देल्लं. पोरगी निघाली त्या दिवशी वाफ्याला पाणी दिलं, बांधावर येऊन बसली. मग वाटलं, दिलंच नाही. पुन्हा दिलं. वाफा सडला. दादाला तिनं कधी सांगितलं नाही.

मी विचारलं, फाट्यावर काहून नाही आली ते सांगितलं काय.

"सांगतलं ना. म्हने, फाट्यावर गेली असती तं तिले बसमधून उतरवून घेतलं असतं. मंग जावई काय म्हनले असते?"

मला राग आला. दुसरं काही यायच्या आधी मला रागच येतो. हे मला इतकी वर्षं सांगितलं काहून नाही, म्हणून मी वहिनीवर ओरडले. वहिनी उठली, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "तुमी कधी बसल्या काय, बाई? तुमी येता, भांडता, आन चालल्या जाता."

त्या दिवशी मी बसले. जुड्या बांधल्या. नंतर विहिरीजवळ जाऊन आले. त्या वाफ्यात दादानं आता ठिबक टाकलं आहे. कॉक फिरवल्याशिवाय थेंब पडत नाही, आणि कॉक फिरवला की नाही हे लगेच दिसतं. मायच्या काळात ते असतं तर तो वाफा वाचला असता आणि कडवं झालं नसतं.

परतताना बसमध्ये ते कडवं मी व्यापाऱ्याच्या नजरेनं तपासलं. भाजी बोलते ही माझी युक्ती तिनं उचलली होती. माझं वांगं घरी चल म्हणतं, तिची मेथी पुरे म्हणते. चाल बरोबर, यमक माझ्या दोन कडव्यांपेक्षा चांगलं. मायला सही करता येत नव्हती. तिनं ते कोणाला ऐकवायला केलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. मेथी उपटताना म्हणायला केलं होतं. मी दुपारी गाळ्यात बसून करते तेच ती वाफ्यात बसून करत होती, आणि मला वाटायचं ही खोड माझ्या एकटीची आहे.

आठवड्याभरानं मॅडमना फोन केला. साक्षीदार तयार आहेत म्हणाले, वहिनी आणि शेजारच्या काकू. मॅडमना आनंद झाला. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव नक्की, म्हणाल्या. मी सांगितलं की पाचवं कडवं माझ्या मायचं आहे. मग दोघींची नावं घालू, म्हणाल्या, मायलेकींचं गाणं, वाचकांना आवडेल. एका टिपेत सगळी हकिकतही देऊ.

मी मागितलं होतं त्याच्या दुप्पट मिळत होतं. बाजारात अशा वेळी मी लगेच हात पुढे करते. त्या दिवशी केला नाही. मायनं जे मला आणि दादाला सांगितलं नाही, ते टिपेत घालून दर्यापूरच्या आणि पुण्याच्या बायांना सांगायचं? आणि मायला वगळून माझंच नाव घातलं, तर तिचा वाफा माझ्या नावावर चढतो. मी म्हटलं, मॅडम, नाव राहू द्या. पारंपरिकच ठेवा. फक्त एक शब्द बदला. सासराले काढा, अकोल्याले घाला.

मॅडमना ते जड गेलं. सगळीकडे सासरालेच म्हणतात, अकोल्याले म्हटलं तर वाचणारीला वाटेल की मध्येच अकोला कुठून आला, असं त्यांचं म्हणणं. मी अडून बसले. माल पूर्ण सोडून दिला आणि एका शब्दासाठी अर्धा तास घासाघीस केली. शेवटी त्या म्हणाल्या, बघते. बघते म्हणजे काय, ते मला बाजारात रोज कळतं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघेल तेव्हा जे असेल ते असेल.

यंदा कॉलनीत मी नवं गाणं लिहिलं नाही. जुनंच म्हणायला घेतलं, पाचही कडवी, मायच्या शब्दानं. टिपऱ्या चालू होत्या, वांगं झालं, भोपळा झाला, मिरचीला सगळ्या हसल्या. पाचवं कडवं झालं तशा शेजारच्या भाभी थांबल्या. त्या मारवाडी, पण दरवर्षी येतात आणि आमच्यापेक्षा मोठ्यानं म्हणतात.

"दीदी, अकोला तो यही है," त्या म्हणाल्या. "हम अकोले में बैठे हैं, तो भुलाबाई अकोले जा कैसे रही है?"

बायांना हसू आवरेना. मीही हसले. म्हटलं, "भाभी, ये गाना उधर से गाया है."

भाभींनी मान डोलावली आणि टिपऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मी मात्र एक टिपरी चुकले. तेहेतीस वर्षांत अकोल्यात मला कितीतरी जणांनी विचारलं, तुम्ही इथं कधी आल्या? बाजार, कॉलनी, मिलवाले, सगळ्यांसाठी मी आलेली बाई आहे. गेलेली मी फक्त एका जागेसाठी आहे, विहिरीजवळच्या एका वाफ्यासाठी. माझं घर कुठलं, असं आता कोणी विचारलं तर मी तोच वाफा सांगीन.

त्या संध्याकाळी खिरापत माझ्या घरची होती. लाडू म्हणून झालं, चिवडा म्हणून झालं, करंजी म्हणून झालं. ताटावरचं झाकण मी काढलं तेव्हा कळलं. मेथीच्या पुऱ्या होत्या, आणि कोणालाच ओळखता आल्या नाहीत.